स्ट्रिपवरचा हिरवा

पिवळ्याला हिरवा कधीपासून म्हणायचं, हे दर्शनाला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्यावर कोपरं टेकून ती बोटभर लांबीची एक प्लास्टिकची पट्टी उजेडात फिरवून फिरवून बघत होती. पट्टीच्या टोकाला कागदाचा चौकोनी ठिपका. तो पाच वर्षांच्या दुर्वाच्या लघवीत बुडवायचा, साठपर्यंत आकडे मोजायचे आणि डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळा आला तर सगळं ठीक. हिरवट आला तर जरा गडबड. आणि हिरवा गडद होत गेला, तर पोरीच्या अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निघून चाललंय, मागोमाग सूज येणारच.

आजचा ठिपका उन्हात पिवळा होता. सावलीत धरला की हिरवट. आत ट्यूबलाइटखाली नेला तर तिसराच, शिळ्या वरणासारखा. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत लिटमस लाल की निळा यावर दर्शनाचं कधी अडलं नव्हतं. तेव्हा लिटमसच्या पलीकडे तिची मुलगी नव्हती, एवढाच काय तो फरक.

"काय गे, झाली की नाय तुझी रंगपंचमी?" आतून सासूबाईंनी हाक दिली. "चाय निवली."

"आले, आई."

तिने वहीत लिहिलं, 'सोमवार, पिवळा.' मग पेन तसंच धरून ठेवलं आणि पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

ही वही जूनपासूनची. जूनमध्ये एका सकाळी दुर्वाचे डोळे सुजलेले दिसले होते. दुपारपर्यंत उतरले. दुसऱ्या दिवशी परत. कुणी म्हणालं ॲलर्जी, कुणी म्हणालं मोबाइल बघते म्हणून. डोळ्यांत थेंब घातले. पुढे गाल भरले, पोट गोल झालं, आणि शेवंतीबाईंनी, म्हणजे दर्शनाच्या सासूबाईंनी, चाळभर सांगितलं, "नातीन बाळसा धरल्यान हा!" सगळ्यांत वाईट म्हणजे दर्शनालाही ते खरं वाटलं होतं. फ्रॉक कमरेत बसेना तेव्हा तिने हौसेने एक माप मोठा फ्रॉक आणला होता. तो फ्रॉक घालूनच दुर्वा परळच्या हॉस्पिटलात भरती झाली. तोवर तिचं पोट ढोलकीसारखं टणक झालं होतं आणि दिवसभरात लघवी जेमतेम एकदा होत होती. बारा दिवस तिथे काढले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं होतं, नेफ्रोटिक सिंड्रोम. तीन महिने स्टेरॉइडच्या गोळ्या, आधी रोज, मग एक दिवसाआड. सप्टेंबरात त्या संपल्या. निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, "बहुतेक मुलांमध्ये हे परत येतं. एकदा, दोनदा, काहींना बऱ्याचदा. मोठं होताना सुटतं. परत येताना लवकर पकडलंत तर घरच्या घरी आवरेल. उशीर झाला, तर मग इथे." आणि त्यांनी कॉटवरच्या सलाइनकडे हात केला होता.

लवकर पकडायचं. दर्शनाच्या सगळ्या दिवसांची गाठ त्या दोन शब्दांशी बांधली गेली होती.

आणि गेले काही दिवस तिला काहीच कळेनासं झालं होतं.

दुर्वाला सर्दी होती, म्हणून डोळे जड दिसत असतील? की सूज? गाल अजून गोलच होते. पण ते तर गोळ्यांमुळेही होतात, आणि उतरायला महिने लागतात, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. म्हणजे सुजेवरच्या औषधाने चेहरा सुजल्यासारखा दिसतो. आता या चेहऱ्यात औषधाचा वाटा किती, आजाराचा किती आणि आजीच्या घावण्यांचा किती, हे कसं ओळखावं? ती रोज सकाळी दुर्वाचा फोटो काढायची. सोमवारी तिने महिन्याभराचे फोटो एकापाठोपाठ सरकवून पाहिले आणि मग तिच्या लक्षात आलं, की नवरा धनेशने दिवाळीत घेतलेला हा फोन सगळेच चेहरे आपल्या मनाने गुळगुळीत करतो.

"म्हणजे पुरावाच खोटा," ती धनेशला म्हणाली.

"अगं यार, स्ट्रिप काय म्हणते?"

"पिवळी. जवळजवळ."

"मग झालं ना! टेन्शन कशाला घेते? मशीन कधी खोटं बोलतं काय?"

"ते मशीन नाहीये. कागद आहे."

"तेच ते."

धनेशचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पट्टी याच कामासाठी होती, की आईच्या डोळ्यांवर विसंबावं लागू नये. दर्शनाच्या डोळ्यांनी जूनमध्ये काय दिवे लावले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातच शुक्रवार जवळ येत होता. शुक्रवारी रात्रीच्या बसची चार तिकिटं काढलेली होती. देवगडकडच्या गावी रविवारी देवीची जत्रा, आणि शेवंतीबाईंचा नवस. दुर्वा हॉस्पिटलात असताना त्या खालच्या बाकड्यावर बसून बोलल्या होत्या, "पोरीक बरी कर, गुळान तुळा करीन तिची." तराजूच्या एका पारड्यात नात, दुसऱ्यात तिच्या भारंभार गूळ. गिरणी बंद पडल्यावर दोन मुलांना वाढवून, एकाचं लग्न लावून, एकाला अकाली गमावून बसलेली ही बाई सहसा कुणाकडे काही मागत नसे. म्हणून तिने मागितलेलं फेडायचं हे घरात सगळ्यांना मान्य होतं. गावात दवाखाना होता, पण मुलांच्या किडनीचं जाणणारा माणूस तिथून शंभर कोसांवर. ही सूज परत येत असेल, तर शुक्रवारी बसमध्ये बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आणि येत नसेल, तर नवसाला 'नाही' म्हणायला दर्शनाकडे होतं काय? एक प्रश्नचिन्ह.

मंगळवारी संध्याकाळी शेजारची बकुळा गॅलरीत बसायला आली. दादरला साडीच्या दुकानात ती दिवसभर उभी असे. आल्या आल्या तिने चपला काढून पाय कठड्यावर टाकले.

"बघ गं माझे पाय. सकाळी बाईचे, संध्याकाळी हत्तीचे."

घोट्याजवळ तिचे पाय खरंच फुगले होते. दर्शनाने न विचारताच अंगठा तिच्या नडगीच्या हाडावर दाबून धरला. मनात दहापर्यंत मोजून उचलला, तर तिथे बोटाएवढा खड्डा पडला. हळूहळू भरत आला.

"ए बाई, पीठ मळतेस का?"

"डॉक्टरांनी शिकवलंय. पाणी साचलं असलं की खड्डा पडतो."

"मग पाणीच कमी पी ना. मी तर दुकानात घोटभरच पिते."

"त्याने उतरतात का?"

"कुठे उतरतात! रात्री उशीवर पाय ठेवले की सकाळी साफ. दुसऱ्या दिवशी परत तेच." बकुळाने दुर्वाला जवळ ओढलं. "हिचं बघ. दाब."

दुर्वाची नडगी बोटभर रुंदीची. दर्शनाने दाबलं, मोजलं, उचललं. काहीतरी झालं. खड्डा म्हणावा तर नव्हता, नाही म्हणावं तर कातडीवर एक सावली राहिली होती. मोज्याच्या इलॅस्टिकचा वण मात्र खोल होता. पण मोजेही नवे होते.

"पडला?" दर्शनाने विचारलं.

"मला नाही वाटत," बकुळा म्हणाली. "की पडला? थांब, परत दाब."

दोघींनी आळीपाळीने इतक्या वेळा दाबलं, की शेवटी दुर्वा किंचाळली, "मी काय लिफ्टचं बटण आहे?"

आतून शेवंतीबाई बाहेर आल्या, नातीला ओढून नेलं आणि जाता जाता सुनावून गेल्या, "धष्टपुष्ट चेडू बघवत नाय तुमका. दृष्ट काढूक लागतली आता."

बुधवारी दुपारी सगळ्याला तोंड फुटलं, आणि तेही गुळावरून.

शेवंतीबाई दुर्वाला शाळेतून आणून परस्पर दौलतशेठच्या दुकानात गेल्या होत्या. लालबाग मार्केटातलं हे भुसार दुकान त्यांच्या ओळखीचं होतं. तुळेसाठी गूळ किती घ्यायचा ते नक्की करायला त्यांनी नातीला सरळ पोत्यांच्या काट्यावर उभी केली. परत आल्या त्या जिना चढूनही न दमलेल्या.

"दर्शना! आयतवारी तू वजन केलंस ता किती होता?"

"सतरा किलो चारशे."

"अठरा सहाशे!" त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "दौलतशेठ स्वतः बघी होतो. तीन दिवसांत! देवी पावली गे बाय. सतरा किलो गूळ सांगितलेलंय, आता एकोणीस सांगून इलंय."

दर्शनाच्या हातातली चिमटीभर कोथिंबीर तिथेच राहिली.

पहिला विचार आला, तो काटा पोत्यांचा. त्याचं काय खरं? दुसरा विचार, दप्तर पाठीवर होतं का? नव्हतं. बूट? काढले होते, शेवंतीबाई अशा बाबतीत चोख. तिने दुर्वाला घरच्या काट्यावर उभं केलं. अठरा साडेपाचशे. काटा सरकवून मोरीजवळच्या सपाट लादीवर ठेवला. तेवढंच. स्वतः उभी राहिली. तिचं वजन रविवारी होतं तेच.

एक किलोहून जास्त, तीन दिवसांत. घावणे, शिरा, गूळपोळी, काहीही खाल्लं तरी पाच वर्षांचं मूल तीन दिवसांत किलोभर मांस चढवत नाही. एवढं गणित तिला येत होतं. किलो म्हणजे लिटर. दुधाच्या मोठ्या पिशवीएवढं पाणी पोरीच्या अंगात कुठेतरी जाऊन बसलं होतं.

पण मग पट्टी पिवळी का?

"आपण उद्या डॉक्टरांकडे जातोय," ती संध्याकाळी धनेशला म्हणाली.

"परवा निघायचंय, आणि उद्या डॉक्टर?"

"परवा निघायचंय म्हणूनच उद्या."

"आणि त्या म्हणाल्या काही नाही, तर?"

"तर मी मूर्ख. चालेल."

शेवंतीबाईंनी पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं. "मी पण येतंय. डॉक्टरणीकच विचारतंय, जत्रेक न्यावचा की नाय. घरातल्यांका इचारून माजा समाधान होत नाय."

गुरुवारी हॉस्पिटलात त्यांचा नंबर येईस्तोवर साडेअकरा झाले. डॉक्टर मॅडमनी दुर्वाला टेबलावर निजवलं, पोट बोटांनी ठोकलं, एका कुशीवर वळवून परत ठोकलं, पाय दाबले, कमरेच्या मागे दाबलं. तिथे पडलेला खड्डा दर्शनाला दारातूनही दिसला. त्या जागी दाबायचं तिला सुचलंच नव्हतं.

"सूज आहे," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीची आहे, पण आहे. रात्रभर आडवं झोपलं की सकाळी डोळ्यांवर आणि कमरेशी जाते, संध्याकाळी पायांत उतरते. स्ट्रिप काय येतेय?"

दर्शनाने वही पुढे केली. मॅडमनी पानं उलटली. पिवळा, पिवळा, पिवळा प्रश्नचिन्ह, पिवळा हिरवट प्रश्नचिन्ह.

"हे जुळत नाही," त्या म्हणाल्या. आणि दर्शनाला इतकं हायसं वाटलं, की तिचे डोळेच भरून आले. चार दिवस हेच वाक्य ती स्वतःशी म्हणत होती आणि स्वतःलाच वेडी ठरवत होती.

"पट्ट्या जुन्या आहेत? डबी उघडी राहते?"

"नाही मॅडम. गेल्या महिन्यात आणलेली. झाकण घट्ट लावते."

"सकाळची पहिलीच लघवी घेता ना?"

"पहिलीच. उठल्या उठल्या, सव्वासातला."

टेबलावर पाय हलवत बसलेली दुर्वा म्हणाली, "पहिली आजीची असते."

कुणालाच कळलं नाही.

"म्हणजे काय गं?" मॅडमनी विचारलं.

"पहिली आजीची. अंधारात. मग पाणी पिते तांब्यातलं. मग झोपते. मग मम्मीची दुसरी." आणि तिने एकदम आजीकडे बघून तोंडावर हात ठेवला.

शेवंतीबाई खुर्चीत ताठ झाल्या. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्यात हे पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"त्यात काय वायट केलंय मी?" त्या म्हणाल्या. "पाचाक नळाक पाणी येता. मी भरूक उठतंय, तेव्हा तिकाही उठवतंय. मोरीत बसवतंय. नायतर बिछान्यात होता तिका. गोळ्ये खायत होती तेव्हापासून. माका म्हणाली, आजी, मम्मीला सांगू नको, शाळेतली पोरं हसतील. नाय सांगितलंय. आणि तांब्याच्या भांड्यातला पाणी सकाळी पोटात गेला की अंग साफ रवता. भरपूर देतंय. दोन पेले."

दर्शना आणि धनेश पोटमाळ्यावर झोपायचे, आजी-नात खाली. पहाटे पाचला मोरीत पाण्याचा आवाज रोज यायचा. पिंप भरतंय, असं समजून दर्शना कूस बदलायची.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "आजी, रात्रभर जमलेली लघवी घट्ट असते. तिच्यात प्रोटीन असलं तर पट्टी लगेच सांगते. तुम्ही ती मोरीत सोडता, वर दोन पेले पाणी पाजता. मग सव्वासातला जी येते ती पातळ. पातळ ताकात मीठ कमी लागतं की जास्त?"

"कमी."

"तसंच. पट्टी खोटं बोलत नव्हती. तिला पातळ माल मिळत होता."

शेवंतीबाईंचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे मी पाणी पाजलंय, त्येका लागून सूज इली?"

"नाही, नाही. तुमच्या पाण्याने सूज आलेली नाही. किडनीची जाळी सैल झालीय, प्रोटीन गळतंय. रक्तात पाणी धरून ठेवायचं काम त्या प्रोटीनचं. ते कमी पडलं की पाणी रक्तातून निसटून कातडीखाली जाऊन बसतं. बहुधा या सर्दीनेच निमित्त केलंय. आजार परत येणारच होता, तुमच्यामुळे फक्त चार दिवस उशिरा दिसला."

'फक्त चार दिवस.' दर्शनाला सासूबाईंचा भयंकर राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. बाईने पोरीची लाज झाकली होती. जे काम आईने करायचं ते केलं होतं, अंधारात, कुणाला न उठवता. आणि पोरीने ही लाज आईपासूनच लपवावी असं वाटण्याजोगं आईने काय केलं होतं? रोज तिच्याकडे अशी टक लावून बघितलं होतं, तेच तर नव्हे?

रक्त काढलं. लघवीही दिली; प्रयोगशाळेत ती पातळ की घट्ट याचा हिशेब धरून तपासतात, असं मॅडमनी सांगितलं. पण पट्टीवर उद्या पाचचीच घ्या, म्हणाल्या. मग कागदावर एकेक गोष्ट लिहून दिली आणि वाचूनही दाखवली. वजन रोज, त्याच वेळी, त्याच कपड्यांत. जेवणात मीठ कमी. लोणचं, पापड, सुकट, पाकिटातला खाऊ बंद. पाणी मनाने तोडायचं नाही, तहान लागेल तेवढं द्यायचं. ताप आला, पोट दुखलं, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच क्षणी इथे. गोळ्या सुरू झाल्या की मनाने बंद करायच्या नाहीत.

"आणि जत्रा?" शेवंतीबाईंनी विचारलं. आवाज एवढासा.

"या वर्षी नको, आजी."

शुक्रवारी पहाटे पाचला दर्शना पोटमाळ्यावरून उतरली, तर शेवंतीबाई आधीच मोरीच्या पडद्याशी उभ्या होत्या, हातात धुऊन पुसून कोरडा केलेला स्टीलचा पेला. नळ सोडला नव्हता. पिंप रिकामंच.

"आई, पाणी जाईल."

"जाऊ दे. पयला ह्या."

दुर्वा झोपेत डुलत बसली. पेल्यातली लघवी चहाच्या रंगाची होती आणि वर फेस, जो विरतच नव्हता. पट्टी बुडवली. साठ आकडे दर्शनाने मोठ्याने मोजायला घेतले. वीसच्या पुढे जायची गरजच पडली नाही. ठिपका पानासारखा हिरवा झाला, मग त्याहून गडद. ट्यूबलाइटखाली, मोबाइलच्या उजेडात, सावलीत, सगळीकडे सारखाच.

सबंध आठवड्यात पहिल्यांदा तिला काहीतरी स्पष्ट दिसत होतं, आणि ते हे होतं.

"वायट ना?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"वाईटच."

"मेल्या पट्टीक सांग, आज तरी खोटा बोल म्हणान," त्या म्हणाल्या, आणि मटकन पाटावर बसल्या.

प्रयोगशाळेचा निकालही तेच बोलला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. हॉस्पिटलात ठेवायची गरज नाही, असं मॅडमनी फोनवर सांगितलं, फोन ठेवताना पुस्ती जोडली, "अजून तरी." त्या दोन शब्दांनी दर्शनाचा पुढचा आठवडा खाल्ला. बसची तिकिटं धनेशने रद्द केली. देवीशी काय बोलायचं ते शेवंतीबाई देवघरासमोर बसून बोलल्या. नंतर सुनेला एवढंच म्हणाल्या, "सांगितलंय तिका. ती काय सावकार नाय."

शनिवारी अठरा नऊशे. रविवारी एकोणीस शंभर. औषध चालू असताना वजन वाढतंय, हे कसं? सोमवारी एकोणीस दोनशे. डोळे सकाळी चिरेएवढे उघडायचे. दर्शनाने फोन केला, उत्तर आलं, "औषधाला आठवडा, दहा दिवस लागतात, लघवी होतेय ना?" होत होती. दिवसाला तीनदा. तीन म्हणजे कमी की ठीक? ती वेळ लिहायची, अंदाजाने पेल्याची पातळीही लिहायची. शेवंतीबाई आता वरण-भातात मीठच घालत नव्हत्या, स्वतःच्या पानातही नाही. "मी खातंय तर पोर अळणी कशी खायत?" असं म्हणून त्यांनी सुकटाची बरणी बकुळाला देऊन टाकली. बकुळा म्हणाली, "माझे पाय सुजतात ते?" त्यावर उत्तर मिळालं, "तू आधी खुर्ची माग शेठाकडे."

बुधवारी पट्टी गडदच. गुरुवारी गडद, की किंचित उतरलेली? आता दोघी बघत. दर्शना म्हणे उतरलीय, शेवंतीबाई म्हणत नाय. दुसऱ्या दिवशी उलट. धनेश अंघोळीला जाता जाता म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून एक नवा रंग काढा आता."

नवव्या दिवशी, शनिवारी, साडेदहाला दुर्वा चित्र रंगवता रंगवता उठली आणि मोरीत गेली. पावणेअकराला परत. अकराला परत. अकरा वीसला, अकरा पस्तीसला. प्रत्येक वेळी पेला काठोकाठ, आणि पाण्यासारखा स्वच्छ. पाचव्यांदा दर्शनाने पेन खाली ठेवलं. तिने धनेशला फोन लावला.

"थांबतच नाहीये रे."

"काय?"

"शू! तासाभरात पाचदा!"

"मग चांगलं ना?"

"मला काय माहीत! कमी झाली तर या म्हणाल्यात. जास्त झाली तर काय, ते कागदावर कुठेच नाहीये!"

तिने कागद उलटासुलटा करून पाहिला, मग हॉस्पिटलला फोन केला. मॅडम राउंडवर होत्या. पाच मिनिटं तिने फोन कानाला धरून ठेवला. पाठीमागे दुर्वा सहाव्यांदा पळाली. अखेर मॅडमचा आवाज आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या चक्क हसल्या.

"होऊ दे. अडकलेलं पाणी परतीला लागलंय. तहान लागेल तेवढं प्यायला द्या आणि वजन बघा. उद्या पट्टीचं सांगा मला."

फोन ठेवल्यावर दर्शनाला आधी कळेचना की आनंद व्हायला हवा. ती काटा घेऊन मोरीच्या दाराशी आली. शेवंतीबाई पडद्याबाहेर पाटावर बसून होत्या, गुडघ्यांवर हात, कान आत.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"होऊ दे म्हणाल्या. बरं होतंय."

शेवंतीबाईंनी मान हलवली. विश्वास बसलाय की नाही, ते कळू दिलं नाही. दर्शना त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.

"ही सहावी ना, आई?"

"सातवी."

"सहावी. मी लिहिलंय."

"तू फोनार होतीस तेव्हा एक झाली. माका काय मोजूक येत नाय?"

"मी फोनवर असतानाची धरूनच सहा."

"सात गे बाय, सात. मी हयच बसलंय सकाळपासून."

"ए, तुम्ही दोघी गप्प बसा ना!" पडद्याआडून दुर्वा ओरडली. "तुम्ही बोललात की मला येतच नाही."

दोघी गप्प झाल्या. शेवंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. दर्शनाने वही मांडीवर पालथी ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न दाबून धरला होता, आणि त्या आवाजातून आतला बारीक आवाज ऐकू यावा म्हणून दोघी श्वास रोखून बसल्या.